'यूट्यूब बघून लिहिलंय' म्हणणाऱ्या वाचकांना

डार्क सोल्स या व्हिडिओ गेममधला सूर्यभक्त शूरवीर सोलेअर हाच देवांचा राजा ग्विन याचा हाकललेला थोरला मुलगा असावा, हा चाहत्यांचा जुना तर्क. त्यावरच्या 'सोलेअर आणि ग्विनचा थोरला मुलगा' या माझ्या लेखावर एका निनावी वाचकाने प्रतिक्रिया दिली आहे. सारांश असा: 'काका, डार्क सोल्स तुम्ही स्वतः खेळलेलाच नाहीत, यूट्यूब बघून लिहिलंय हे उघड आहे. थोरला म्हणजे नेमलेस किंग, हा निकाल 2016 मध्ये तिसऱ्या भागातच लागला. सोलेअर तर अनडेड, म्हणजे मरूनही न मरणारा शापित माणूस आहे, आणि त्याच्या चिलखतावरचा सूर्य त्यानेच रंगवलाय, त्यात काही शक्ती नाही, हे गेमच सांगतो. गेमचा दिग्दर्शक मियाझाकीने पेंडंटवरून सगळ्यांना गंडवलं तरी तुमची खोड जात नाही. स्क्रीनशॉटसुद्धा रीमास्टर्डचे!'

दोन ओळींत आटोपणार होतो. पण तो 'काका' वाचला आणि म्हटलं, आता होऊनच जाऊ दे.

स्क्रीनशॉटचं तुमचं बरोबर आहे. ते 2018 च्या रीमास्टर्ड, म्हणजे सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे आहेत आणि तसं खाली लिहायला हवं होतं. आता लिहिलंय. पण त्यावरून मी खेळलोच नाही हा शोध कुठून लावलात? राजगडाचा फोटो गेल्या वर्षीचा आहे म्हणून माणूस कॉलेजात असताना राजगडावर गेलाच नव्हता, असं ठरतं का?

आता ऐका. मी हा गेम खेळलो तो 2012 साली आलेल्या पीसी आवृत्तीवर, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, रूममेटच्या कॉम्प्युटरवर, तो झोपल्यावर. कंट्रोलर घ्यायला पैसे नव्हते. कीबोर्डवर ती आवृत्ती ज्याने खेळली आहे त्याला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. स्क्रीनवरच्या सगळ्या सूचना एक्सबॉक्सच्या बटणांच्या. 'ए' दाबा म्हणून यायचं, बिचाऱ्या नवख्याने कीबोर्डवरचं ए दाबलं की पात्र मुकाट डावीकडे चालायला लागायचं. डावीकडे बहुतेक वेळा दरी. चित्र इतकं धुरकट की कुणा चाहत्याने केलेला मॉड टाकल्याशिवाय रिझोल्यूशन वाढत नव्हतं. आणि यूट्यूब म्हणाल, तर डेटा कार्डावर एमबी मोजून नेट वापरायचे दिवस होते ते. तासाभराचे लोअरचे, म्हणजे गेममागच्या कथेचे, व्हिडिओ बघायची ऐपत असती तर आधी कंट्रोलर घेतला असता! व्हाटीविद्या या यूट्यूबरचे तसले व्हिडिओ मी नंतर पाहिले, आवडीने पाहिले, कोण पाहत नाही? पाहणं हा गुन्हा असेल तर तुमचा 'निकाल' तरी तुम्हाला कुठे सापडला तेही सांगा.

आणि व्हिडिओ न बघता मला काय दिसलं होतं तेही सांगतो. टॉरस डीमन या राक्षसाला पाडून पुढे गेलात की सज्जात सोलेअर उभा असतो, सूर्याकडे तोंड करून. समोर पूल, त्यावर आग ओकणारा लाल ड्रेक. जीव मुठीत धरून पलीकडे पोचलं की तिथे सूर्याची वेदी, आणि वेदीवरची मूर्ती फोडलेली. या टोकाला सूर्याला शोधणारा माणूस, त्या टोकाला कुणाची तरी पुसून टाकलेली मूर्ती. मग गेममध्ये मिळणाऱ्या सनलाइट मेडलचं वर्णन वाचायचं: हे चिन्ह ग्विनच्या थोरल्या मुलाचं, त्याचं देवपण काढून घेतलं, इतिहासातून नाव खोडलं, पण तो जुना युद्धदेव आपल्या योद्ध्यांवर अजून लक्ष ठेवून आहे. लक्ष ठेवून आहे, म्हणजे कुठे तरी आहे. शोधायला कुणी लावलं? आम्ही स्वतःहून उठलो का? पुढे सनलाइट ब्लेड या मंत्राच्या वर्णनात तर तो जाताना बापाच्या शवपेटीवर ते ठेवून गेला असं येतं. एवढं वाचून ज्याच्या डोक्यात सोलेअर आला नाही त्याचं मला आश्चर्य वाटतं. 2011 पासून तिसरा भाग येईपर्यंत जगभरचे लोक याच वाटेने गेले, आणि माझा लेख त्या वाटेबद्दल होता. शेवटच्या परिच्छेदात नेमलेस किंगचं नाव आहे. तिथपर्यंत तुम्ही पोचला नाहीत हे, तुमच्याच भाषेत, उघड आहे.

बरं, तुमचा तो निकाल. तिसऱ्या भागात इरिथिलच्या तुरुंगाबाहेर त्या ड्रॅगनसारख्या बसलेल्या प्रेताशेजारी मांडी घालून ध्यान लावल्याशिवाय आर्चड्रॅगन पीक, म्हणजे नेमलेस किंग भेटतो ती जागा, उघडत नाही. म्हणजे ज्याला तुम्ही निकाल म्हणता तो न बघताही गेम संपतो. तिथे नेमलेस किंगला हरवून मिळणाऱ्या त्याच्या सोलचं, म्हणजे आत्म्याचं, वर्णन काय सांगतं? तो ड्रॅगन मारणारा युद्धदेव होता आणि सर्वस्वावर पाणी सोडून प्राचीन ड्रॅगनांना जाऊन मिळाला. त्यात बापाचं नाव नाही. ग्विनच्या पदरच्या ऑर्नस्टीनच्या चिलखताच्या वर्णनातला शूरवीर त्याच्या शोधात देश सोडून गेला, हेही तिथेच कळतं. हे तुकडे पहिल्या भागातल्या, ग्विनच्या थोरल्या मुलाच्या अंगठीशेजारी ठेवून जुळवले कुणी? तुम्ही, मी, आपल्यासारख्या रिकामटेकड्यांनी. जुळणी पटण्यासारखी आहे, मलाही पटते. पण ती जुळणीच आहे. तुम्ही केलीत की निकाल, आणि मी केली की यूट्यूब?

पेंडंटचं मला नवीन नाही. गेम सुरू करताना निवडायच्या भेटवस्तूंपैकी ती एक, उपयोग शून्य, वर्णनातच तसं लिहिलेलं. मियाझाकीने मुलाखतीत तिची शिफारस केली, लोक वेड्यासारखे तिचं रहस्य शोधत राहिले आणि नंतर त्याने गंमत केल्याचं सांगितलं. पण हाच माणूस सांगतो की लहानपणी पाश्चात्त्य अद्भुतकथांची न कळलेली पानं तो कल्पनेने भरून काढायचा. मोकळ्या जागा सोडायची सवय त्याची, आणि त्या भरल्या म्हणून बोलणी मात्र आम्हाला.

उरलेले मुद्दे म्हणजे सोलेअर अनडेड असणं, रंगवलेला सूर्य वगैरे. ते मला ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर इथे जागा घालवत नाही. प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, निश्चिंत राहा. पुढचा लेख ग्विनची मुलगी ग्विनेव्हिअर हिच्यावर आहे. अ‍ॅनोर लोंडोतली ग्विनेव्हिअर हा तिच्या भावाने, ग्विंडोलिनने, उभा केलेला भ्रम आहे आणि तिला बाण मारला की शहर अंधारात जातं, हे मला माहीत आहे. बाण मी स्वतः मारला होता. तेवढं लिहायचे कष्ट घेऊ नका.