आठ हजार देऊन सिबिल सुधारत नाही रे बाळा

आज दुपारी आमच्या गल्लीतला एक पोरगा प्रेसवर आला. चोविशीतला, पार्सल पोचवायचं काम करतो. मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, हा माणूस फोनच उचलत नाहीये." त्या माणसाने पंधरा दिवसांत सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीला मिळणारे मार्क, ७५० करून देतो म्हणून याच्याकडून आठ हजार घेतले. आधार घेतलं, पॅन घेतलं, वर दोनदा ओटीपीही घेतला. तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय. ही चोरी आहे. आधीच गांजलेल्या माणसाच्या खिशात घातलेला हात आहे हा.

मला हे एवढं का लागतं, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. आज सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडे लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधून तयार होते. एप्रिल-मेचे मुहूर्त. लग्नं पुढे गेली, गठ्ठे न्यायला कुणी आलं नाही. कागदवाल्याचं बिल मी क्रेडिट कार्डावर भागवलं होतं. रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांची सवलत दिली, हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. वर्षभरात आकडा १ लाख १८ हजारांवर गेला. दिवसाला आठ-आठ फोन. मग एक दिवस वसुलीवाला गोड बोलला, "५० हजार एकरकमी भरा, विषय मिटवून टाकू." बायकोने भिशी उचलली, मी भरले. सेटलमेंटचं पत्र आलं, ते देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. त्या रात्री किती महिन्यांनी झोप लागली.

२०२३ मध्ये लेकीला स्कूटी घ्यायला शोरूममध्ये गेलो. मोरपंखी रंग तिने आधीच पक्का केला होता. माझ्या पिशवीत कंदी पेढ्यांचा पुडा. तिथल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्कोअर ५७१, आणि त्या कार्डापुढे एकच शब्द : 'सेटल्ड'. "सर, लोन नाही होणार." लेक शेजारीच उभी. म्हणाली, "राहू दे पप्पा, एसटीचा पास आहे की माझा." पुडा तसाच घरी परत आला.

सेटल्ड म्हणजे मिटलं नाही हो! बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, याने पूर्ण दिले नाहीत, उरलेले आम्ही सोडले. पूर्ण फेडलं तर 'क्लोज्ड' लागतं. एवढं एक वाक्य त्या माणसाला फोनवर सांगता येत नव्हतं? ५० हजार घेताना जीभ गोड होती, मग हे सांगताना का अडली? मान्य, बँकेत पैसा ठेवीदारांचा असतो, बुडवला तर नोंद व्हायलाच हवी. पण नोंद कसली होणार, ते पैसे घ्यायच्या आधी सांगा ना.

असो. राग बाजूला ठेवून, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी लिहितो.

मी बँकेला लेखी अर्ज दिला की राहिलेले ६८ हजार भरतो, नोंद 'क्लोज्ड' करा. तीन टेबलं फिरलो. दिवाळीच्या सीझनमध्ये पैसे जमवले, भरले, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठलो नाही. तरी रिपोर्टमध्ये जुनीच नोंद. मग या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल कंपनीच्या साइटवर तक्रार टाकली. तिला एक रुपया लागत नाही. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्ण रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो. जी नोंद खरी आहे ती मात्र कुणाचा बाप पुसू शकत नाही. बँकेने कळवल्याशिवाय सिबिलवालेही एक अक्षर बदलत नाहीत, तर हा आठ हजारवाला काय बदलणार होता?

मग २० हजारांची एफडी केली, तिच्यावर कार्ड घेतलं. त्यावर फक्त पेट्रोल आणि मोबाईलचं रिचार्ज, बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरायचं. मधल्या काळात कुठेही कर्जाला अर्ज केला नाही, कारण प्रत्येक नकाराआधी बँक तुमचा रिपोर्ट तपासते आणि ती चौकशी तुमच्या नावावर चढते. ५७१ चे ६१० व्हायलाच किती महिने गेले. आज ७४२ आहे. लेकीचं कॉलेज एसटीच्या पासावरच झालं. मोरपंखी गाडी रस्त्यात दिसली की अजून पोटात तुटतं.

त्या पोराला समोर बसवून आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावायला लावला, पासवर्ड बदलून घेतले. उद्या सकाळी दहाला येतोय, त्याचा रिपोर्ट काढून ओळ न् ओळ बघू. खरंतर त्याचे दोनच हप्ते चुकलेत. दोन! एवढ्यासाठी बिचारा आठ दिवस जेवला नव्हता नीट.

निघताना दारात थांबला. "काका, घरी सांगू का?"

आजच सांग म्हटलं. मी लेकीला सांगितलं नव्हतं. तिला ते शोरूममध्ये, स्क्रीनवर वाचून कळलं.