पोलॉक दारूमुळे मोठा झाला नाही

माझा भाचा चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, बघ, प्यायल्याशिवाय हात मोकळा होत नाही." फॉरवर्डचं म्हणणं असं: अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकला चित्र काढता येत नव्हतं, तो नशेत कॅनव्हासवर रंग फेकायचा, असलं लहान मूलही करेल, आणि त्याला मोठं केलं सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेने. भाच्याने नेमकं दारूचंच उचललं, म्हणून आधी तेच.

पोलॉक दारुडा होता, खरंय. पण जरा सालं बघा. १९४८च्या अखेरीला गावातल्या डॉक्टरांच्या उपचाराने त्याची दारू सुटली आणि जवळपास दोन वर्षं तो तिच्यापासून लांब राहिला. 'ऑटम ऱ्हिदम', 'लॅव्हेंडर मिस्ट', 'वन' ही त्याची गाजलेली भलीमोठी चित्रं १९५०ची, म्हणजे न पिता काढलेली. त्याच नोव्हेंबरात, त्याच्यावरच्या फिल्मचं चित्रीकरण संपलं त्या दिवशी, तो पुन्हा प्यायला आणि जेवणाचं मांडलेलं टेबल त्याने उलथून टाकलं. पुढे एखाददुसरं मोठं चित्र झालं, पण काम आटतच गेलं. ११ ऑगस्ट १९५६ला पिऊन गाडी चालवताना तो मेला, वय ४४. गाडीतली एक तरुण मुलगीही त्यात गेली. शिकणाऱ्या पोरांना नशेचं कौतुक पाठवणाऱ्यांनी त्या मुलीबद्दलही लिहावं.

चित्र काढता येत नव्हतं म्हणे! तो न्यूयॉर्कला थॉमस हार्ट बेंटन या चित्रकाराच्या हाताखाली शिकला. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच्या वह्या आहेत, त्यांत एल ग्रेको आणि रुबेन्स या जुन्या युरोपीय चित्रकारांच्या चित्रांवरून केलेला अभ्यास आहे.

सीआयएचं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. शीतयुद्धात तिचा पैसा 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या लेखक-कलावंतांच्या संघटनेकडे जात होता, हे पुढे उघड झालं; अमेरिकेची अमूर्त चित्रंही त्या काळात परदेशी मिरवली गेली. पण गॅलरी चालवणाऱ्या पेगी गुगेनहाइमने पोलॉकशी महिना १५० डॉलरचा करार केला आणि त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं, ते १९४३ साली. सीआयए स्थापन झाली १९४७ला.

राहिलं लहान मूल. २०११ साली बॉस्टन कॉलेजच्या संशोधकांनी अमूर्त चित्रकारांनी काढलेली आणि मुलांनी-प्राण्यांनी काढलेली चित्रं जोडीने लोकांपुढे ठेवली. नावांच्या चिठ्ठ्या मुद्दाम उलटसुलट लावल्या, तरी लोकांनी चित्रकाराचं चित्र निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून जास्त वेळा निवडलं.

भाच्याला मी रविवारी गच्चीवर जुनी चादर अंथरून दिली. लोखंडी ग्रिलला लावायचा ऑइल पेंट पातळ केला आणि हातात काठी दिली. पोलॉक असलेच घरगुती रंग वापरायचा, कॅनव्हास जमिनीवर पसरून, काठी न टेकवता. हात रेंगाळला की थारोळं, घाई केली की रेघ तुटते. तासाभराने भाच्याची एक हातभर रेघ सलग आली. ती सुकल्यावर त्याने चादर कापली आणि तेवढा तुकडा घरी नेला.