डॉक्टरांचं बोलणं कोण तपासतं?

उदास झालेल्या माणसावर उपचार करायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो का? जगभरच्या गरीब देशांना छळणाऱ्या या प्रश्नाचं एक भक्कम उत्तर आमच्या गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळालं, आणि आम्हा गोंयकारांना त्याचा पत्ताच नाही.

१९९६ साली इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवलं. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना स्पष्ट फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. (यावर कधीतरी वेगळं लिहीन.) २०१७ला पुन्हा तेच: दहा केंद्रं, तीव्र नैराश्याचे रुग्ण, सहा ते आठ बैठका, आणि सुधारणा.

मला मात्र या यशापेक्षा त्यामागची तालीम मोलाची वाटते. हे समुपदेशक आपापल्या बैठकांची रेकॉर्डिंग्ज एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. शिकवणारे तज्ज्ञ तर होतेच, पण पुढे बरोबरीच्यांनीच एकमेकांचं काम तपासायचं, अशी पद्धत बसवली होती. आपलं बोलणं चारचौघांत लावून ऐकायचं म्हणजे गंमत नाही. माझं कुणी लावलं असतं तर मी रजाच टाकली असती!

आता सांगा, वर्षानुवर्षं ओपीडी चालवणाऱ्या डॉक्टरांचं बोलणं कुणी असं ऐकलंय? मी नर्स म्हणून नोकरी केली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री संमतीचा कागद पुढे सरकवून ‘हांगा सही करात’ म्हणणारे हुशार सर्जन पाहिलेत. दोडामार्गहून आलेली म्हातारी विचारते, ‘बाबा, नेमकं काय काढतले?’ आणि उत्तर द्यायला उरते नर्स.

२०१९पासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ हा अभ्यासक्रम आहे: वृत्ती, नीती, संवाद. आलं ते बरंच झालं. पण पोरं खरी शिकतात ती राउंडवर, सरांच्या मागे उभी राहून. सर खेकसले की तोच धडा पक्का.

आणि कागदावरच्या सहीवर किती विसंबायचं? २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रात ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस दिली गेली, तेव्हा कित्येक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस चांगली की वाईट हा मुद्दा इथे नाहीच. त्या मुलींच्या घरी जाऊन कुणी बोललं का, एवढंच मी विचारते.

परदेशी विद्यार्थी काही आठवडे ‘ग्लोबल हेल्थ’ शिकायला येतात, त्यांनाही एक नियम लावावा. स्वतःच्या देशात ज्या रुग्णाला हात लावायची परवानगी नाही, त्याला इथेही लावू नये. त्यापेक्षा एएनएमबरोबर, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेबरोबर, घरभेटीला जावं आणि कान उघडे ठेवावेत.

‘बाई, सकाळभर रांग असते, बोलायला वेळ कुठला?’ हे डॉक्टरांचं म्हणणं मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. म्हणून सगळ्या रुग्णांशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मी मागतच नाही. प्रत्येक इंटर्नचं महिन्याला एक संभाषण, रुग्णाला विचारून रेकॉर्ड केलेलं. ऐकणाऱ्यांत दोन सहकारी आणि एक एएनएम, गुण द्यायच्या अधिकारासकट. पहिलं रेकॉर्डिंग विभागप्रमुखांचं लावलं तर इंटर्नही कुरकुरणार नाहीत.