हलका तंबू ओला का झाला आणि पडला का: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हलक्या तंबूंवरच्या लेखाला तुम्ही मोकळेपणाने विरोध केलात, त्याबद्दल आभार. मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही दोन ट्रेकिंग पोलवर (चालताना हातात धरायच्या काठ्यांवर) उभा राहणारा, ९५० ग्रॅमचा, सिलनायलॉनचा (सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा) दुहेरी तंबू घेतला, म्हणजे आत जाळीचा तंबू आणि वर फ्लाय, पाऊस अडवणारं बाहेरचं कापड. ओढ्याकाठी मुक्काम केला आणि थंडी होती म्हणून दारं, झरोके सगळं बंद केलं. मध्यरात्री पाऊस आला, फ्लाय लोंबला, खडकाळ जमिनीतली एक खुंटी निघाली आणि अर्धा तंबू अंगावर आला. सकाळी फ्लाय आतून भिजलेला आणि स्लीपिंग बॅग पायाकडे ओली. घरी वजन केलं तर १ किलो २५० ग्रॅम. म्हणून तुमचा निष्कर्ष, की हलके तंबू ही नवख्यांची दिशाभूल आहे आणि ५००० मिमीचा तीन किलोचा तंबू घ्यावा.

आधी पाण्याचं बघू. फ्लाय गळत होता असं तुम्ही धरून चालला आहात. पण गळती एका जागी असते: शिवणीच्या रेषेत, दोरी बांधायच्या कडीपाशी, चेनच्या टोकाला. तुम्ही लिहिलंय की फ्लायच्या आतून सगळीकडे सारखे बारीक थेंब होते, पाऊस न लागलेल्या बाजूलासुद्धा. हे दव आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पेलाभर पाणी हवेत सोडतो. फ्लाय उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही गार होतो आणि ती वाफ त्याच्यावर थेंब धरते, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून धरते तशी. ओढ्याकाठची हवा आधीच दमट, थंड हवा रात्री उतरून सखल जागी साचते, त्यात सगळं बंद. पाच हजार मिमीच्या कापडातूनही वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे त्या जागी तीन किलोचा तंबूही आतून असाच ओला झाला असता.

५००० मिमी हा आकडा काय सांगतो तेही पाहा. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केल्यावर पाणी झिरपायला लागतं, त्याचं ते माप आहे. उतरत्या फ्लायवरून पाणी वाहून जातं, तिथे चांगल्या कापडाचे १२०० ते १५०० मिमी पुरतात. तळाला जास्त लागतात, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की त्या एवढ्याशा जागेवर पावसाच्या कितीतरी पट दाब येतो. फ्लायला ५००० मागणं म्हणजे जाड लेपाचं वजन पाठीवर घेणं.

उपाय सोपा आहे: ओढ्यापासून लांब, थोड्या उंचवट्यावर, शक्यतो झाडाच्या भक्कम, हिरव्या फांद्यांच्या आडोशाला जागा निवडा. वाळकी फांदी वर असेल तर ती जागा सोडा. वरचा झरोका कायम उघडा, वाऱ्याच्या उलट बाजूचं दार हातभर उघडं. थंडी वाजत असेल तर अंगावर एक थर वाढवा, झरोका लावू नका.

बॅगेचं पायाकडचं टोक ओलं झालं ते मापामुळे. आतली लांबी २१० सेमी लिहिलेली असते ती जमिनीवरची. भिंत साठ अंशांत उतरत असेल तर ३० सेमी उंचीवर प्रत्येक टोकाला सुमारे १७ सेमी कमी होतात, म्हणजे हातात उरतात १७६. जाड मॅटवर झोपलेल्या तुमच्यासारख्या उंच माणसाचे पाय आतल्या तंबूच्या जाळीला आणि जाळी ओल्या फ्लायला टेकणारच. तंबू घेण्याआधी आपली स्वतःची मॅट फुगवून आत टाका, बॅगेत शिरून पाहा. दोघांच्या तंबूत तर हे करायलाच हवं. १३० सेमी रुंदीत ६४ सेमीच्या दोन मॅट कशाबशा मावतात, पण पायाकडे रुंदी ११० झाली की एकमेकींवर चढतात.

कापड लोंबलं ते सिलनायलॉनच्या स्वभावामुळे. नायलॉन ओलं झालं की ताणतं, त्यामुळे संध्याकाळी ताठ बांधलेला फ्लाय पावसात तासाभरात सैल पडतो. झोपण्याआधी एकदा आणि पाऊस लागल्यावर एकदा दोऱ्या ओढाव्या लागतात, किंवा आत बसूनच पोल दोन-तीन सेमी वाढवता येतो. रात्री उठायचं नसेल तर सिलपॉलिएस्टर (सिलिकॉनचा लेप दिलेलं पॉलिएस्टर) घ्या, ते ओलं झाल्यावर फारच कमी ताणतं.

आता खुंटी. इथे तुमची तक्रार रास्त आहे आणि नवख्यांनी सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यावं. एकमेकांना छेदणाऱ्या, वाकवून बसवलेल्या पोलांचा तंबू खुंट्यांशिवायही उभा राहतो, खुंट्या त्याला वाऱ्यात धरून ठेवतात. ट्रेकिंग पोलचा तंबू मात्र खुंट्यांवरच उभा असतो. मुख्य दोरीची एक निघाली की सगळा ताण जातो. खडकाळ जागी सहा ग्रॅमच्या, वरचं टोक वाकवलेल्या बारीक खुंट्या बिनकामाच्या. वाय आकाराच्या, दहा-पंधरा ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या घ्या, डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवून पूर्ण ठोका. जमीन खुंटी घेतच नसेल तर दोरीच्या फासात बोटाएवढी जाड काठी आडवी घाला, ती जमिनीवर ठेवा, तिच्यापुढे तंबूच्या बाजूला दोन दगड आणि त्यांच्यावर दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा एक दगड. दोरी दगडाच्या धारेवर घासते, म्हणून मुख्य दोरीला मीटरभर वेगळी दोरी जोडूनच हे करावं. पोलचं टोक मऊ मातीत रुतूनही ताण जातो. त्याच्याखाली एक चपटा दगड ठेवा.

वजनाचं म्हणाल तर चिठ्ठीवरचे ९५० ग्रॅम बहुधा फक्त फ्लाय आणि आतल्या तंबूचे. आठ खुंट्यांचे शंभर, दोऱ्या आणि पिशव्यांचे ऐंशी, तंबूखाली अंथरायच्या कापडाचे (फूटप्रिंट) सव्वाशेच्या आसपास धरले की तुमचा हिशेब जुळतो. घेताना सगळ्यासकट वजन विचारावं. आणि चालताना जो ट्रेकिंग पोल वापरत नाही त्याने हा प्रकार घेऊ नये, कारण मग पोलांचं चार-पाचशे ग्रॅम वजनही तंबूच्याच नावावर येतं.

तुम्ही पुढचा मुक्काम उघड्या कातळाच्या धारेवर करणार असल्याचं लिहिलंय. तिथे हा तंबू नेऊ नका. एकमेकांना छेदणाऱ्या दोन पोलांचा, फ्लायच्या बाजूंना मधेही दोरीच्या कड्या असलेला तंबू घ्या. दोघांसाठी असा चांगला तंबू दीड ते दोन किलोत मिळतो, तीन किलोची गरज नाही. कमी उंचीची बाजू वाऱ्याकडे ठेवा. सोबत पोल मोडल्यास मोडलेल्या जागेवर चढवायची छोटी नळी असू द्या.

आत्ताचा तंबू विकायच्या आधी एक चाचणी करा. कोरडा करून मोकळ्यावर उभा करा, दारं उघडी ठेवा, वरून नळीने पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि आतून शिवणींवर टिश्यू पेपर फिरवा. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर शिवणीची भोकं झाकणारी पट्टी चिकटत नाही, त्यामुळे असे काही तंबू शिवण न बुजवताच विकले जातात. कागद ओला झाला तर तिथे सिलिकॉनचा सीम सीलर (शिवण बुजवायचा लेप) ब्रशने पातळ लावा, चोवीस तास वाळू द्या आणि मगच घडी घाला.