लायसन्स इथलं, विमान तिकडचं

'सीपीएल हातात आलं की आखातात नोकरी पक्की' हे पायलटच्या नोकऱ्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून आमच्या गोंदियाकडची माणसं धानाची शेती विकायला काढतील! माझा पुतण्या तिकडे को-पायलट आहे. भारताचं लायसन्स तिथे तसंच चालत नाही. त्यांची परीक्षा, मेडिकल, सिम्युलेटरवरची (नकली कॉकपिटमधली) चाचणी सगळं आलं. सीपीएल, म्हणजे पायलटचं व्यावसायिक लायसन्स, २०० तास उड्डाणावर मिळतं; कॅप्टनला लागणाऱ्या एटीपीएल लायसन्सला १५०० तास लागतात. शिवाय इथली नोकरी सोडताना को-पायलटला ६ महिने, कॅप्टनला १ वर्षाची नोटीस, हा डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचा, २०१७ चा नियम. लेखात त्याचा पत्ताच नाही.

पगाराचं मात्र बरोबर लिहिलंय. पण पुतण्याचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत येतो. वहिनी साडेपाच तास मिळवून तो कॅलेंडरवर पेनाने उतरवते, तरी रोवणीत बांधावरून फोन लावते तेव्हा हा नेमका झोपलेला. पोळ्याची सुट्टी मागावी, तर सिनियॉरिटी आडवी येते, आधी जुन्यांचा नंबर.