कंपनीच्या बाजूचा वकील

कोर्टात नव्याने येणाऱ्या पोरापोरींना मी एक आगाऊ सल्ला देत असतो. मोटार अपघाताच्या कामांत उतरायचं असेल तर सुरुवातीची वर्षं विमा कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे कंपनीने नेमलेल्या वकिलांच्या यादीत काढा. कुणालाच तो आवडत नाही. भरपाई मागणाऱ्या अर्जदाराच्या वकिलाला निकालानंतर पेढे मिळतात. आमच्या वाट्याला ठरलेली फी, तीही बिलामागे बिल पाठवल्यावर, आणि वर ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे’ हा लौकिक.

पण पॉलिसी ओळन् ओळ वाचायला लावते ती हीच बाजू. आमच्याकडे लग्नसराईत हमखास येणारं प्रकरण घ्या. वऱ्हाड घेऊन निघालेला छोटा हत्ती वळणावर उलटतो. गाडी मालवाहू, आत माणसं. आशा रानी खटल्यापासून कायदा स्पष्ट आहे की मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही. हा बचाव मी पूर्ण ताकदीने घेतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. ज्या जोखमीचा प्रीमियम कुणी भरलाच नाही, तिचे पैसे बाकीच्या पॉलिसीधारकांनी का भरायचे? अर्थात हप्ते फेडत असलेल्या टेम्पोमालकाकडून त्या कुटुंबाला काय मिळणार, हे मलाही कळतं.

‘चालकाचं लायसन्स त्या गाडीचं नव्हतं’ या बचावाचा मात्र आता चोथा झालाय. हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडीसुद्धा चालवता येते, हे मुकुंद देवांगन खटल्यात 2017 साली ठरलं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी कैफियतीत, म्हणजे कंपनीच्या लेखी जबाबात, तोच परिच्छेद जुन्या फाइलमधून उचलून चिकटवलेला सापडतो, कधीकधी आधीच्या गाडीच्या नंबरासकट. चालकाकडे लायसन्सच नसेल तर गोष्ट वेगळी. तिथेही स्वरणसिंग निकालानुसार बहुधा कंपनीने आधी जखमीला किंवा वारसांना पैसे द्यायचे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायचे. विमा होता ना, मग विषय संपला, या समजुतीत निवांत असलेल्या मालकाच्या दारात काही वर्षांनी वसुलीची दरखास्त येते.

आता जिथे पॉलिसी चालू आहे, लायसन्स ठीक आहे, चूक सरळसरळ आपल्याच गाडीची आहे, तिथे काय करायचं? रकमेवर भांडायला फार काही उरलेलं नाही. सरला वर्मा निकालाने 2009 साली वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला कितीने गुणायचं ते आकडे, ठरवून दिले, प्रणय सेठीने 2017 साली भविष्यातल्या उत्पन्नवाढीचे टक्के. तीस वर्षांचा गवंडी गेला, महिना 12,000 कमवायचा, मागे बायको, दोन मुलं, आई. 40 टक्के वाढवा, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करा, 12 ने गुणा, मग त्याच्या वयाच्या गुणकाने, 17 ने. 25,70,400. अंत्यविधी वगैरेच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या. वाद उरतो तो फक्त 12,000 की 10,000 एवढाच, कारण महिन्याचे हजार रुपये इकडचे तिकडे झाले की निकाल 2,14,200 ने हलतो. म्हणून मग गवंड्याच्या बायकोला पिंजऱ्यात उभं करून मजुरीच्या पावत्या मागायच्या. गवंड्याला पावती कोण देतं हो?

अशा वेळी कंपनीला ‘लढू नका, लोकअदालतीत मिटवा’ असं लेखी कळवणं हा बचावाच्याच वकिलाचा धर्म आहे, असं माझं ठाम मत आहे. हे लिहायला धाडस लागतं, कारण पॅनलवरचं नाव कंपनीच्या मर्जीवर टिकतं. आणि लिहूनही मंजुरी येत नाही. एका अधिकाऱ्याने चहा पिता पिता मला मोकळेपणाने सांगितलं, ‘साहेब, मी तडजोड केली तर ऑडिटवाले मला विचारणार. कोर्टाने हुकूम केला तर कुणी विचारत नाही.’ त्याचंही चूक नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण व्याज साधारणपणे अर्ज दाखल झाल्यापासून लागतं. साडेसात टक्के धरले तर वरच्या गवंड्याच्या केसमध्ये ते वर्षाला 1,92,780 होतं, आणि तेही शेवटी त्याच पॉलिसीधारकांच्या पैशांतून जातं, ज्यांच्या नावाने मी टेम्पोच्या केसमध्ये भांडलो होतो.

तडजोडीच्या सहीचे अधिकार खालच्या कार्यालयांना वाढवून द्या, हे कंपन्यांना माझं जाहीर सांगणं आहे. आणि ज्युनिअरांनो, ते पत्र लिहायला शिका. दोन पानं पुरतात. पॉलिसीची स्थिती, गुणक, उत्पन्नाचा पुरावा, आजवरचं व्याज आणि खाली एक आकडा.