आजीची गोधडी, दहा टक्के आणि काकूंचा नातू

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: परदेशात हजारोंना विकलं जाणारं ‘वेटेड ब्लँकेट’ म्हणजे आपल्या आजीची गोधडीच. आपल्या वजनाच्या दहा टक्के वजनाचं घ्या, हे विज्ञानाने सिद्ध केलेलं माप आहे. त्याने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, वाढतं, म्हणून झोप वाढते. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना चालतं. खाली अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’. तो वाचून आमच्या काकूंनी दोन वर्षांच्या नातवासाठी एक मागवायला घेतलं, म्हणून हा खटाटोप.

गोधडीचं आधी उरकते. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ जड असते, यात वाद नाही. पण तिचा भार कापडाच्या थरांचा. भार वाढवला की ऊबही वाढणार. वेटेड ब्लँकेटमध्ये छोटे चौकोनी कप्पे शिवून त्यांत बारीक काचेचे मणी नाहीतर प्लॅस्टिकचे दाणे भरतात. ऊब फारशी न वाढवता भार वाढवायची ती युक्ती आहे. मे महिन्यात डोंबिवलीत दोन वाकळी अंगावर घेऊन पाहा, फरक लगेच कळेल.

आता दहा टक्के. हा विक्रेत्यांचा आणि थेरपिस्टांचा ठोकताळा आहे, सिद्ध झालेलं माप नव्हे. या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास स्वीडनचा, 2020 सालचा. त्यात 120 रुग्ण होते. सगळ्यांना निद्रानाश, शिवाय नैराश्य, बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार), चिंताविकार किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) यांपैकी काहीतरी. काहींना धातूच्या साखळ्या भरलेलं 8 किलोचं ब्लँकेट दिलं, फार जड वाटलं तर 6 किलोचं. बाकीच्यांना दीड किलोचं हलकं. चार आठवड्यांनी निद्रानाशाचा स्कोअर निम्म्यावर किंवा त्याखाली आला, तो जड गटात सुमारे 59 टक्के जणांचा आणि हलक्या गटात 5 टक्के जणांचा. आकडा दणदणीत आहे, तो मी नाकारत नाही. पण यात दहा टक्के कुठे आहेत? आणि आपल्या अंगावर आठ किलो आहेत की दीड, हे कुणापासून लपवणार? खोटी गोळी देता येते, खोटं वजन देता येत नाही. मग गुण वजनाचा किती आणि विश्वासाचा किती, ते कसं कळणार?

मला खरी धास्ती या मापाच्या दुसऱ्या टोकाची वाटते. 95 किलोच्या माणसाला हा हिशेब साडेनऊ किलो सांगतो. वजन जास्त असलेल्यांत झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया, जास्त आढळतो. म्हणजे ज्याच्या श्वासाची आधी चौकशी करायला हवी, त्याच्याच अंगावर सगळ्यात जड ब्लँकेट!

मेलाटोनिनचं वाक्य अर्धं खरं आहे. 2022 मध्ये स्वीडनमध्येच उप्सालाला 26 निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. वजनाच्या सुमारे 12 टक्के भाराच्या ब्लँकेटखाली झोपेआधीच्या तासात लाळेतलं मेलाटोनिन हलक्या ब्लँकेटपेक्षा साधारण 32 टक्क्यांनी जास्त वाढलं. एकूण झोपेत मात्र फरक पडला नाही. मेसेजवाल्याने पहिला भाग उचलला आणि ‘म्हणून’ स्वतःचा जोडला. ब्रिटनमध्ये 2014 साली स्वमग्न मुलांवरच्या अभ्यासात 67 मुलं होती. त्यांचीही झोप वाढली नाही. मुलांना आणि आईबापांना ते ब्लँकेट आवडलं मात्र. तसं आवडत असेल तर मोठ्या माणसाने जरूर घ्यावं, त्यात काही गैर नाही.

पण बेडच्या मापाचं घेऊ नका. डबल बेडभर पसरलं की निम्मं वजन गादीवर पडतं, कडा खाली लोंबतात आणि पहाटे सगळंच जमिनीवर. आपल्या अंगापुरतं घ्या, सुती आणि वेगळं निघणाऱ्या खोळीचं. कारण आत मणी असलेलं सात किलोचं धूड भिजल्यावर घरच्या मशीनला झेपत नाही, वाळत घालायला दोरीही पुरत नाही. जड की हलकं यात अडलात तर हलकं. आणि घरी आल्यावर आडवं होऊन ते एका हाताने बाजूला फेकून पाहा. जमलं नाही तर परत पाठवा.

‘सगळ्यांना चालतं’ हे वाक्य तर धोक्याचंच. तान्ह्या बाळांना वजनदार पांघरूण किंवा दुपटं वापरू नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी तिथे नॉर्थ कॅरोलिनात 4 आणि 6 वर्षांच्या दोन मुली अशा ब्लँकेटच्या खोळीची चेन उघडून आत शिरल्या, अडकल्या आणि दगावल्या. त्यानंतर दोन लाखांहून जास्त ब्लँकेटं बाजारातून परत मागवली गेली. ज्याला पांघरूण स्वतः दूर करता येत नाही, मग ते मूल असो की हातात जोर नसलेले आजोबा, त्याच्या अंगावर ते घालायचं नाही.

एवढं फोनवर सांगितल्यावर काकूंनी नातवाची ऑर्डर रद्द केली. मग जरा थांबून म्हणाल्या, “अगं, मग मलाच मागवू का?” काका पलीकडून ओरडले, “आधी तिचं घोरणं ऐकायला ये!” मी म्हटलं, काकू, आधी ते डॉक्टरांना दाखवा. ब्लँकेटचं मग बघू.